पोहण्याचा कंटाळा येतोय? आधी श्वास तपासा

प्रश्न: वय ४३, पुण्यात राहतो. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या बॅचला पोहायला शिकलो. ब्रेस्ट स्ट्रोक बऱ्यापैकी येतो, फ्री स्टाइलमध्ये पंचवीस मीटरला दम लागतो. दरवर्षी एप्रिलमध्ये हौसेने पास काढतो आणि जुलैपर्यंत जाणं बंद पडतं. तीच भिंत, त्याच फरश्या, तेच लॅप मोजणं. शेजारच्या लेनमधली मुलं सपासप निघून जातात. पोहणारे लोक ज्या मजेबद्दल बोलतात ती मला का येत नाही? आणि टिकून राहायला काय करावं? कोच लावून उपयोग होईल का?

उत्तर:

तुम्ही विचारलंय टिकून राहण्याबद्दल, पण माझं लक्ष गेलं ते पंचवीस मीटरला लागणाऱ्या दमाकडे. मोठ्या माणसांना पोहायला शिकवणं हेच माझं काम आहे, आणि माझं आता पक्कं मत झालंय की पोहण्याचा कंटाळा म्हणून जे सांगितलं जातं त्यातली निम्म्याहून अधिक दमछाक असते. जे करताना दर वेळी जीव कासावीस होतो, ते मनाला नकोसंच होणार. पण मन तसं सरळ बोलत नाही. 'मला श्वास पुरत नाही' असं न म्हणता ते म्हणतं, आज मीटिंग लांबली, आज घशात खवखवतंय, सोमवारपासून नक्की. तेव्हा स्वतःवर आळशीपणाचा शिक्का मारण्याआधी हा दमाचा मामला निकालात काढू.

पळायला सुरुवात केलेल्या माणसाला दम लागला तर तो चालायला लागतो. चालता चालता श्वास जागेवर आला की पुन्हा पळतो. नव्याने पोहायला शिकलेल्याकडे हा चालण्याचा वेगच नसतो. एकतर सगळा जोर लावून हात मारायचे, नाहीतर भिंत धरून धापा टाकायच्या. मधलं काही नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं, आणि त्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट करायला गेलात तर अडथळा चौपट होतो आणि लागणारी ताकद जवळजवळ आठपट. म्हणजे घाई करणाऱ्याला पाणी फार महागात पडतं. टँकवर शेजारी हळूहळू, न थांबता अर्धा तास पोहणारे एखादे साठीचे आजोबा दिसतात ना, त्यांची फुप्फुसं तुमच्यापेक्षा मोठी नसतात. त्यांना हळू पोहता येतं, एवढंच. आणि हळू पोहता येणं ही शिकायची गोष्ट आहे, आपोआप येत नाही. उन्हाळी बॅचमध्ये ती कोणी शिकवतही नाही. तिथे एकवीस दिवसांत 'पलीकडे पोचवून' दाखवायचं असतं.

आता श्वासाचं. दम लागतो तेव्हा ऑक्सिजन कमी पडला असं आपल्याला वाटतं. खरं तर श्वास घेण्याची जी अनावर ओढ लागते ती मुख्यतः अंगात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. तोंड पाण्यात असताना श्वास रोखून धरलात की तो साठत जातो. मग मान वळवल्यावर जो अर्धा-पाऊण सेकंद मिळतो त्यात आधीचा श्वास सोडायचा आणि नवा घ्यायचा, अशी दोन्ही कामं करायची म्हटली तर एकही धड होत नाही. चार-पाच हातांनंतर छाती आवळल्यासारखी होते, मान वर उचलली जाते, मान वर गेली की कंबर आणि पाय खाली जातात, पाय खाली गेले की अडथळा वाढतो, आणि मग वर राहण्यासाठी आणखी जोरात हात. या चक्रात सापडलेल्या माणसाला मजा कुठून येणार?

माझ्या सकाळच्या बॅचला बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू येतात. ब्रेस्ट स्ट्रोक उत्तम, पण तोही मान वर ठेवून, केस कोरडे. फ्री स्टाइल म्हटलं की चेहरा पडायचा. एकदा त्यांना उथळ बाजूला उभं करून विचारलं, "काकू, तोंड पाण्यात असताना श्वासाचं काय करता?"

"धरून ठेवते की!"

"आणि तोंड वर आल्यावर?"

"आधी सोडते, मग घेते."

"तेवढा वेळ मिळतो?"

"मिळत नाही, म्हणून तर पाणी पोटात जातं."

त्यानंतरचे काही आठवडे आम्ही पोहण्याचं नाव काढलं नाही. साडेतीन फुटांत उभं राहायचं, भिंतीचा कठडा धरायचा, तोंड पाण्यात घालून नाकातोंडातून सावकाश हवा सोडायची. दूध उतू जाण्याआधी कडेला जसे बारीक बुडबुडे धरतात, तसे बुडबुडे हवेत. फुर्रकन एकदम सगळी हवा बाहेर टाकायची नाही. आपल्याला तरंगवते ती फुप्फुसातली हवाच. ती रिकामी केलीत तर बुडायला होणार. हवा सोडत राहायची आणि मान वळवल्यावर फक्त श्वास घ्यायचा. मान वळवतानाही अख्खं डोकं उचलायचं नाही. एक गॉगल पाण्यात, एक गॉगल बाहेर, तोंडाचा कोपरा पाण्याच्या रेषेला लागलेला. पुढे सरकणाऱ्या डोक्यामुळे गालाशी पाण्याचा छोटासा खळगा तयार होतो, श्वास त्या खळग्यातून मिळतो. काकूंना जेव्हा तो खळगा पहिल्यांदा सापडला तेव्हा त्या लेनच्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, इथे जागा आहे!" त्यांना पुढे मला कधी 'या हं उद्या' असं सांगावं लागलं नाही.

तुम्हीही हेच करा. दर वेळी पाण्यात उतरल्यावर आधी चार-पाच मिनिटं नुसता श्वास. मग पंचवीस मीटर जमेल तेवढं सावकाश, इतकं सावकाश की स्वतःलाच लाज वाटावी. भिंतीशी पोचल्यावर एक वाक्य सलग बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर वेग जास्त होता. दोनदा हात मारून एका बाजूने श्वास घ्या. सुरुवातीला तीन हातांनी आलटूनपालटून दोन्ही बाजूंना श्वास घ्यायचा अट्टहास नको. तो पुढे कधीतरी.

दम लागण्याचं दुसरं कारण पाय. मांडीचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे, आणि ते जोरजोरात चालले की सगळा ऑक्सिजन गिळतात. मोठेपणी शिकलेले लोक गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखे पाय मारतात. फेस भरपूर, पुढे जाणं नावाला. त्यात दिवसभर खुर्चीत बसून किंवा रोज पळून घोटे आखडलेले असतात. पाऊल मागे ताणलं जात नाही, ते पाण्यात आडवं उभं राहून ब्रेकचं काम करतं. कधीकधी फळी धरून पाय मारणारा माणूस चक्क मागे सरकताना मी पाहिलाय. यावर आपल्याकडे फुकटचा इलाज आहे: वज्रासन. जेवणानंतर दहा मिनिटं बसा, गुडघे ठीक असतील तर. महिन्याभरात पाऊल मागे वळायला लागतं. आणि पोहताना पाय अगदी कमी मारा, एका हाताला एक, फक्त अंगाचा तोल राहण्यापुरते. लांब अंतर पोहणारे बरेच लोक असेच पोहतात.

हे सगळं बसायला दोन-तीन महिने लागतात. एवढ्या काळात अंतर मोजू नका. तुमच्या कंटाळ्याचं उरलेलं निम्मं कारण मला तिथे दिसतंय.

लॅप मोजणं हा टँकवर आल्यावर लागलेला रोग आहे. विहिरीवर किंवा नदीवर पोहायला शिकलेल्या आधीच्या पिढीला विचारा. पाठीला डबा नाहीतर पांगाऱ्याची लाकडं बांधून काकाने विहिरीत ढकललं, चार दिवसांत हात-पाय मारता आले, आणि त्यानंतर कोणी 'आज किती झालं' असा हिशेब ठेवला नाही. मुटके मारायचे, सूर मारायचे, तळाशी जाऊन मातीची मूठ भरून वर आणून दाखवायची, पाण्यात शिवाशिवी खेळायची, डोळे लाल झाले की घरी. गावातले एखादे आजोबा विहिरीत पद्मासन घालून पाण्यावर उताणे पडून राहायचे आणि पोरं त्यांच्याभोवती घोटाळायची. सांगलीला कृष्णेला पाणी आलं की आयर्विन पुलावरून उड्या टाकणाऱ्यांची आजही बातमी होते. ते करू नका हो, पुराच्या पाण्यात जीव गेलेत. पण त्या उडीत जे होतं ते टँकवर येताना आपण कपड्यांच्या लॉकरमध्ये ठेवून येतो. मोठा माणूस टँकवर येतो तो व्यायाम करायला, आणि पोहणं हा व्यायाम म्हणून खरोखरच कंटाळवाणा आहे. पाण्याखाली बोलता येत नाही, नजरेसमोर फरशी, कानात गाणी नाहीत. ट्रेडमिलपेक्षाही नीरस. हे मान्य करून टाकू.

तो खेळ म्हणून मात्र कधीच संपत नाही, कारण पाण्यात शिकण्यासारखं इतकं काही असतं. आता तुमच्या पंचेचाळीस मिनिटांच्या बॅचमध्ये मी असते तर काय करायला लावलं असतं ते सांगते. एके दिवशी मुठी वळून पोहा. हो, दोन्ही हातांच्या घट्ट मुठी करून पंचवीस मीटर. आधी वाटेल पुढे सरकतच नाही. हळूहळू कोपरापासून मनगटापर्यंतचा हात पाण्याला धरायला लागेल, कारण दुसरं काही धरायला उरलंच नाही. पलीकडे पोचल्यावर मुठी उघडा आणि परत या. त्या पहिल्या दोन-तीन हातांत तळवा सुपाएवढा वाटतो. पाण्याला धरून आपण स्वतःला पुढे ओढतोय हे हाताला कळतं. पोहणारे ज्या मजेबद्दल बोलतात ती बरीचशी हीच. शब्दांत सांगणं कठीण, पण एकदा हाताला कळली की हात ती पुन्हा शोधतो.

दुसऱ्या दिवशी हात मोजा. लॅप नव्हे, एका लांबीला किती हात लागतात ते. तुमचे आज पंचवीस मीटरला बहुधा अठ्ठावीस-तीस होत असतील. जोर न वाढवता, नुसतं हात पुढे लांब सोडून, अंग थोडं कुशीवर वळवून ते सव्वीस होतात का बघा. झाले, तर त्या दिवशी तुम्ही काहीतरी कमावलं. इथे पन्नाशीचा माणूसही महिन्या-महिन्याला सुधारत राहतो, कारण ताकदीपेक्षा कसब कामाला येतं. वयाच्या पन्नाशीत पळण्याचा वेग वाढवणं अवघड असतं. मोठेपणी शिकलेल्या पोहणाऱ्याचा मात्र वाढू शकतो, कारण त्याची सुरुवातच वाईट झालेली असते! आमच्या या व्यवसायाचं पोट त्यावरच चालतं.

तिसऱ्या दिवशी बॅक स्ट्रोक. तोंड बाहेर, श्वासाची कटकट नाही, वर आकाश. उघड्या टँकमध्ये सकाळी सहाला उताणं पोहताना डोक्यावरून बगळे जातात, कडेच्या झाडाची फांदी आली की भिंत जवळ आली असं कळतं. दिवसभर संगणकावर वाकलेल्या खांद्यांना हे औषध आहे. पोहायला शिकलेल्यांपैकी निम्मे लोक बॅक स्ट्रोक शिकत नाहीत, 'त्यात व्यायाम कमी होतो' म्हणून. ते चुकीचंही आहे आणि करंटेपणाचंही.

खोल बाजूला जाऊन पाणी तुडवत उभं राहायला शिका. जमलं की मनातली एक भीती कायमची जाते; दम लागला तर भिंतीपर्यंत जायची गरज नाही, आहे तिथे थांबता येतं. तळाशी नाणं टाकून ते काढा. सूर मारायला शिका, पण खोल बाजूलाच आणि कोणी शिकवणारं असताना. एक मात्र कडक सांगते: बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेऊन 'हवा भरून' घ्यायची नाही, आणि पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो अशी पैज लावायची नाही. भराभर श्वासांमुळे कार्बन डायऑक्साइड इतका कमी होतो की श्वासाची ओढ लागायच्या आत शुद्ध हरपू शकते. हे चांगल्या पोहणाऱ्यांचं होतं, नवख्यांचं कमी.

आता जुलै. तुमचं जाणं जुलैतच का थांबतं? पुण्या-मुंबईकडे पोहणं हे उन्हाळ्याचं काम समजलं जातं. एप्रिल-मे महिन्यांत टिळक टँक असो की दादरचा महात्मा गांधी जलतरण तलाव, मुलांच्या शिबिरांनी पाणी दिसत नाही. आणि शाळा सुरू झाल्या, पहिला पाऊस पडला की सगळे गायब. माझ्या मते नेमकी तिथेच पोहण्याची वेळ सुरू होते. लेन मोकळी, लाटा नाहीत, कोणाच्या लाथा नाहीत. भर पावसात पोहलायत कधी? अंगाला लागणारं पाणी पावसापेक्षा उबदार वाटतं, पृष्ठभागावर थेंबांचे लाखो काटे उभे राहतात, आणि डोकं खाली घातलं की वर ताशासारखा नाद आणि खाली एकदम शांत. ज्याने हे एकदा अनुभवलंय तो जूनमध्ये पास बंद करत नाही. अर्थात ढग गडगडायला लागले, वीज दिसली की ताबडतोब बाहेर. लाइफगार्डने शिट्टी मारायची वाट बघायची नाही.

डिसेंबर-जानेवारी मात्र खरी कसोटी. पाणी न तापवणाऱ्या टँकवर पुण्याच्या थंडीत सकाळी उतरणं हा शूरपणा आहे, आणि शूरपणावर कोणतीही सवय फार दिवस चालत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं, त्यामुळे वीस अंशांची हवा छान वाटते आणि वीस अंशांचं पाणी हाडात शिरतं. त्या दोन महिन्यांत दुपारची बॅच घ्या. कडेला पाच मिनिटं हात-खांदे फिरवून अंग गरम करून मगच उतरा, भिंतीशी गप्पा मारत थांबू नका, अर्ध्या तासात बाहेर या. बाहेर आल्यावर लगेच कोरडे कपडे. दुपार शक्य नसेल तर शहरात आता तापवलेल्या पाण्याचे टँक आहेत, तेवढे दोन महिने तिथला पास काढा. तेही नाही जमलं तर सरळ सुट्टी घ्या, पण पुन्हा सुरू करायची तारीख ठरवून. ठरवलेल्या सुट्टीनंतर माणूस परत येतो. नुसतं सुटलेलं असेल तर पुढचा एप्रिल उजाडतो.

शेजारच्या लेनमधल्या मुलांबद्दल. ती मुलं सहाव्या-सातव्या वर्षापासून रोज दोन-दोन तास पाण्यात असतात. त्यांच्याकडे शिकण्यासाठी बघा, तुलनेसाठी बघू नका. तुलना करायचीच असेल तर तुमच्या वयाशी करा. त्यासाठी मास्टर्स नावाची व्यवस्था आहे. २५ वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही त्यात उतरता येतं आणि दर पाच वर्षांचा वेगळा वयोगट असतो. म्हणजे तुम्ही ४५चे झालात की नव्या गटातले सगळ्यात तरुण! वाढदिवसाला खूश होणारी चाळिशी-पन्नाशीतली माणसं मी फक्त तिथेच पाहिली. जागतिक मास्टर्स स्पर्धा १९८६पासून होतात, आपल्याकडे राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरही होतात, आणि तिथे पदकापेक्षा जेवणाच्या रांगेतल्या गप्पा जास्त रंगतात.

मोठ्यांची उदाहरणं देऊन हुरूप आणायची मला फारशी सवय नाही, तो दोन आठवड्यांत ओसरतो. तरी दोन नावं घेते. मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सर होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं आणि उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. पुढे १९७२मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्री स्टाइलचं सुवर्णपदक, ३७.३३ सेकंदांत. लोक ते पदक सांगतात. मला त्यातला 'उपचार म्हणून' हा भाग जवळचा वाटतो. दुसरे कोल्हापूरचे वीरधवल खाडे. २०१०च्या आशियाई स्पर्धेत कांस्य, मग तहसीलदाराची नोकरी, पोहणं मागे पडलं, मग पुन्हा पाण्यात आले आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर फ्री स्टाइलमध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदक हुकलं. त्यानंतरही ते पोहत राहिले आणि २०२३मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पन्नास मीटर फ्री स्टाइलमध्ये ते आणि पत्नी ऋजुता, दोघांनीही सुवर्ण घेतलं. खंड पडला म्हणून संपलं, असं पाण्यात नसतं. तुमचा तर खंड फक्त जुलै ते एप्रिल!

सोबत शोधा. हे मी सगळ्यात ठामपणे सांगते. पोहताना बोलता येत नाही, म्हणूनच भिंतीशी आणि चेंजिंग रूमबाहेर जे बोललं जातं त्याला किंमत असते. रोजच्या बॅचला तीच पाच-सहा माणसं भेटतात, एक दिवस नाही गेलात तर 'काल कुठे होतात?' असं कोणीतरी विचारतं, आणि तेवढ्याने दुसऱ्या दिवशी पाय टँककडे वळतात. म्हणून वेळ बदलत राहू नका. मंगळवार, गुरुवार, शनिवार, ठरावीक बॅच, एवढं पुरे. रोज जायचा संकल्प करणारे लवकर गळतात. आमच्या बायकांच्या बॅचमध्ये गळतीची कारणं वेगळी असतात: कॉश्च्युमचा संकोच, केस, सकाळचे डबे. संकोचावर आता पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे कॉश्च्युम आलेत. केस उतरण्याआधी साध्या पाण्याने चिंब भिजवून मग टोपी घातली की टँकचं पाणी कमी शोषलं जातं. डब्यांचा प्रश्न मला सोडवता आलेला नाही. तो घरातल्या इतरांनी सोडवायचा आहे.

वजन कमी करायचं म्हणून पोहत असाल तर जरा बेतानेच आशा ठेवा. पोहून आल्यावर, विशेषतः गार पाण्यातून आल्यावर, कडकडून भूक लागते, आणि रविवारी टँकवरून निघालेली टोळी थेट मिसळीच्या दुकानात शिरते. मी त्या टोळीत असते. वजनाचा काटा हलत नाही म्हणून पोहणं सोडणारे पुष्कळ बघितलेत. पोहण्याने झोप, पाठ, खांदे आणि दम सुधारतो, तो हिशेब ठेवा. खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचल्यासारखं दुखायला लागलं तर मात्र रेटून पोहू नका, थांबा आणि दाखवून घ्या. हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

सलग चारशे-पाचशे मीटर आरामात जायला लागलात की एक ध्येय समोर ठेवायला हरकत नाही, त्याआधी नको. मालवणच्या चिवला बीचवर साधारण डिसेंबरात समुद्रातली पोहण्याची स्पर्धा होते, त्यात लहानमोठ्या अंतरांचे गट असतात आणि शाळकरी मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे उतरतात. खाऱ्या पाण्यात अंग जास्त तरंगतं, पाय आपोआप वर येतात, तो एक सुखद धक्का असतो. पण भिंत नसते, तळ दिसत नाही, सरळ रेषेत जाण्यासाठी दर काही हातांनी डोकं वर करून खूण शोधावी लागते. याचा सराव आधी टँकमध्ये होतो: चार हात, एकदा मगरीसारखे डोळे वर, पुन्हा चार हात. मुंबईत संक रॉक ते गेटवे ही पाच किलोमीटरची शर्यत आहे, ती पुढच्या टप्प्याची. स्पर्धेबाहेर समुद्रात, धरणात किंवा नदीत एकट्याने कधीच उतरायचं नाही, कितीही पोहता येत असलं तरी.

राहिला कोचचा प्रश्न. लावा, पण महिन्याचं पॅकेज घेऊ नका. मोठ्यांना शिकवणारा कोणी आहे का ते आधी विचारा; मुलांना कडेवरून ओरडून शिकवणारे चांगले असतात, पण ते काम वेगळं. चार-पाच वेळा समोरासमोर पुरतं. पहिल्याच भेटीत सांगा की मला वेग नको, माझा श्वास आणि डोक्याची जागा बघा. जो कोच स्वतः पाण्यात उतरून शेजारून बघेल तो चांगला. शक्य असेल तर स्वतःचं पोहणं एकदा व्हिडिओवर बघा. मान आपण वर उचलतोय हे सांगून पटत नाही, बघून पटतं. मात्र बहुतेक टँकवर मोबाइलने चित्रीकरणाला बंदी असते आणि ती योग्यच आहे, तेव्हा व्यवस्थापकांची परवानगी घ्या, गर्दी नसलेली वेळ निवडा आणि फक्त तुमचीच लेन चौकटीत येईल असं बघा. आणि गॉगल बदला. धुकं धरणाऱ्या, पाणी शिरणाऱ्या गॉगलने दर लॅपला थांबावं लागत असेल तर बाकीचं सगळं व्यर्थ. दुकानात पट्टा न लावता तो नुसता डोळ्यांवर दाबून सोडा. दोन-तीन सेकंद चिकटून राहिला तर तुमच्या चेहऱ्याचा, नाहीतर पुढचा बघा.